मीपणा सैल करायचा तर: आधी ध्यान, मग सोंग

हा प्रयोग दोघांनी करायचा. ध्यान एकट्यालाही जमतं, सोंगाला समोर माणूस लागतो. तुकडोजी महाराजांचं सामुदायिक ध्यान ज्या गावात चालतं, तिथे असा सोबती सहज मिळेल. जागा ओसरी किंवा विहार, कोणतीही. बघे मात्र नकोत.

आधी वीसेक मिनिटं बसा. मांडी दुखत असेल तर खुर्ची घ्या. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघा, मुद्दाम लांबवू नका. विपश्यनेच्या शिबिरात सुरुवातीला हेच आनापान शिकवतात. राग आलाच तर ‘मला राग आला’ न म्हणता ‘राग आला’ एवढंच मनात म्हणा. रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या सवयी), विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांपैकी, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या भागांपैकी, कशालाच ‘हा मी’ म्हणता येत नाही, ही बुद्धांची शिकवण. ती पाठ करून कळत नाही, बघावी लागते.

मग उठून सोंग घ्या. हे विदर्भाला कुणी शिकवायला नको. खडी गंमत या इथल्या लोकनाट्यात पुरुष लुगडं नेसून नाचतो. गडचिरोलीतल्या वडशाकडच्या नाटकमंडळ्या दिवाळी ते होळी रात्ररात्र नाटकं करतात. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण राजाचं सोंग आपल्या कामाचं नाही, त्यानं मीपणा फुगतोच. ज्याच्याशी वाकडं आहे, त्याचं घ्या. समजा, धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आहे. शेजारी दरवर्षी वखर हातभर आत घालतो, हे तुमचं म्हणणं. आता तुम्ही तो शेजारी व्हा आणि सोबत्याला ‘तुम्ही’ करा. आधी त्याची चाल पकडा, खांद्यावर दुपट्टा टाकायची ढब पकडा. मग बोला: ‘काहून गा, माह्या बापानं गाडलेला गोटा तूनंच उपटला ना?’ टिंगल सुरू झाली की थांबा. टिंगलीत ‘मी शहाणा’ आणखी पक्का होतो. सोबत्याला उत्तर सुचेनासं होईपर्यंत शेजाऱ्याची बाजू लढवा. जातीवरून किंवा व्यंगावरून सोंग नको.

सोंग उतरवायला विसरू नका. दुपट्टा काढा, तोंड धुवा, स्वतःचं नाव मोठ्यानं घ्या आणि पाच मिनिटं पुन्हा श्वासावर बसा. मघाशी भांडत होता तो कोण, हे नुसतं बघा.

ज्यांना भास होतात, आपण आपल्यात नाही असं वाटतं किंवा मानसिक आजाराची औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

आठवड्यातून एकदा पुरे. पुढच्या खेपेला तुमचं सोंग सोबत्याला निवडू द्या. आपण निवडलं की सोयीचंच निवडतो.