आखडलेली मान आणि कोमट तेल
अनुवादाच्या कामासाठी रोज आठ-नऊ तास लॅपटॉपवर वाकून बसल्यामुळे माझी मान इतकी आखडली होती की, मागे पाहायचे तर संपूर्ण धड वळवावे लागे. मणक्याचा विकार नसल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यावर मी आठवड्यातून एकदा कोमट तिळाच्या तेलाने अभ्यंग आणि त्यानंतर वाफेचा शेक, ज्याला आयुर्वेदात स्वेदन म्हणतात, सुरू केले. पुढे झुकलेले डोके तोलून धरताना मानेचे आणि खांद्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. मर्दनाने ते सैलावल्याचे पहिल्याच खेपेस जाणवले. (मर्दन करणाऱ्या काकांचा अंगठा मात्र कोणत्याही संपादकापेक्षा निर्दय होता.) तरीही आराम दोन दिवसांपलीकडे टिकेना. लॅपटॉपखाली जाड शब्दकोश ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला आणि वेगळा कीबोर्ड घेतला, तेव्हा कुठे महिनाभरात मान मोकळी झाली.