ओरिएंटेशन संपल्यावर: मेडिसिन वॉर्डातल्या पहिल्या ड्युट्या

नव्या नर्सचं ओरिएंटेशन संपलं की ड्युटी लिस्टमध्ये तुमचं नाव इतरांसारखंच लागतं आणि सोबतची सिनिअर सिस्टर दुसऱ्या शिफ्टला जाते. संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो की लातूर-नांदेडची मेडिकल कॉलेजं, मेडिसिन वॉर्डात गाद्या खाली टाकाव्या लागतात असे दिवस येतातच. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं करून आलेल्यांना व्हेन लावता येते, इंजेक्शन देता येतं. अडतं ते क्रमात: आधी कोणाकडे जायचं, आणि कोणतं काम तासभर थांबलं तरी चालेल.

हा क्रम ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून रुग्णांचा ताबा, घेतानाच ठरतो, म्हणून ओव्हर टेबलाशी घेऊ नका. पंधरा मिनिटं आधी या आणि खाटेखाटेने फिरून घ्या. हाक मारल्यावर रुग्ण ओ कसा देतो, श्वास कसा चाललाय, सलाईन किती उरलंय आणि व्हेनची जागा सुजली आहे का, लघवीच्या पिशवीत किती आहे, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ‘बाकी सगळे स्टेबल’ याला ओव्हर म्हणत नाहीत. शेवटी इमर्जन्सी ट्रे उघडा: ॲड्रेनालिन, ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, कॅल्शियम ग्लुकोनेट. सक्शन चालू करून पाहा. ऑक्सिजन सिलिंडरचा पाना जागेवर आहे का तेही बघा. भरलेला सिलिंडर पान्यावाचून उघडत नाही.

टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदीवर) सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसला तर तो मोजलेला नाही असं समजा. रुग्ण ढासळू लागला की बरेचदा बीपी पडण्याच्या आधी श्वास वाढतो, आणि नेमका तोच अंदाजाने लिहिला जातो. नाडीवर बोट ठेवून, रुग्णाला न सांगता, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. कालच्या आकड्याशी ताडून पाहा. ‘सिस्टर, बापूला दम लागायलाय’ असं नातेवाईक म्हणाले तर हातातलं रजिस्टर तिथंच ठेवून आधी खाटेपाशी जा. रात्रभर ते उशाशी बसलेले असतात; फरक त्यांना आधी दिसतो.

आपल्या भागात कापूस-सोयाबीनच्या फवारणीचे दिवस आले की औषध पिलेले आणि फवारताना बाधा झालेले रुग्ण वाढतात. कपडे काढणं आणि साबणाने अंग धुणं हातमोजे घालूनच, कारण विष कातडीतूनही जातं. या विषावर द्यायच्या ॲट्रोपिनची ॲम्प्युल साधारण १ मिलीत ०.६ मिलिग्रॅमची असते. ऑर्डर मिलिग्रॅममध्ये आहे की ॲम्प्युलमध्ये, हे प्रत्येक वेळी विचारा: ३ मिलिग्रॅम म्हणजे ५ ॲम्प्युल. डॉक्टर सुरुवातीला दर काही मिनिटांनी डोस वाढवत नेतात, तेव्हा वेळ, डोस, नाडी आणि छातीचा आवाज एकाच कागदावर लिहीत जा. छाती मोकळी झाली, नाडी ८० च्या वर गेली, बीपी सावरलं आणि काख कोरडी लागली, म्हणजे डोस पुरला. काखेत हात घालूनच बघा, कपाळावरून कळत नाही. त्यापुढे रुग्ण बरळू लागला, चादर चाचपू लागला, अंग तापलं, पोट फुगलं, लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. मे महिन्यात हा ताप उकाड्याचा म्हणून सोडून दिला जातो, तसं करू नका.

नवख्यांकडून खरी चूक मात्र पुढे होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण बोलतो, चहा मागतो, नातेवाईक निवांत होतात, आणि लक्ष दुसऱ्या खाटेकडे जातं. साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. म्हणून प्रत्येक राऊंडला सांगा, ‘मान उचला बरं उशीवरून.’ मघाशी उचलत होता आणि आता जमत नाही, एवढी खूण डॉक्टरांना लगेच बोलवायला पुरेशी आहे.

साप चावलेल्याचं रक्त गोठतं का हे पाहायला २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्या आणि २० मिनिटं ट्यूबला हात लावू नका. मग एकदाच तिरपी करा. साबणाने धुतलेली ट्यूब किंवा प्लास्टिकची ट्यूब घेतली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल फसतो. एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या औषधाची) भुकटी १० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच फिरवून विरघळवा. जोरात हलवली की फेस होतो. टेस्ट डोस लागत नाही. पण ड्रिप सुरू करण्याआधी ॲड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून ठेवा. खाज, गांधी, उलटी, घरघर यातलं काहीही दिसलं की ड्रिप बंद करून डॉक्टरांना हाक मारा. मण्यारीचा दंश अनेकदा दिसतही नाही, म्हणून पापण्या जडावल्या आहेत का हे वरचेवर बघा.

इन्सुलिनची बाटली मिलीला ४० युनिटची आहे की १०० ची, हे लेबलवर वाचा आणि सिरिंज त्याच मापाची घ्या: लाल टोपी ४० ची, केशरी १०० ची. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत भरलं तर रुग्णाला २५ युनिट जातात. आणि रेग्युलर इन्सुलिन टोचण्याआधी जेवण वॉर्डात आलंय का ते बघा. जेवणाची गाडी उशिरा आली तर साखर पहाटे नाही, भरदुपारी पडते.

सलाईनचा हिशोब मिलीला २० थेंबांच्या सेटला (नळीला) सोपा आहे: तासाचे मिली भागिले ३. ५०० मिली चार तासांत म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, ते वाचूनच हिशोब करा. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलू नका. बाटलीत घालून ती चार-पाच वेळा उलटसुलट करा, नाहीतर ते तळाशी राहून आधी तेच जातं. सुई परत टोपीत घालू नका. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच तासात कळवा, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जमल्यास दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं.

रात्री डॉक्टरांना फोन करायला नवी मुलं कचरतात. ओरडतील, या भीतीने पहाटेपर्यंत वाट पाहतात आणि त्यात रुग्ण हातचा जातो. फोनआधी केसपेपर समोर घ्या, नुकतेच मोजलेले आकडे घ्या आणि काय हवंय ते स्पष्ट सांगा: ‘सर, वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड बारा, औषध घेतलेले पेशंट, तिसरा दिवस. दोन तासांपूर्वी मान उचलत होते, आता उचलत नाहीत. श्वास ३४, सॅच्युरेशन ८९. ऑक्सिजन लावलाय, ट्यूबचं सामान काढून ठेवलंय. तुम्ही आत्ता या.’ तोंडी ऑर्डर मिळाली तर फोनवरच परत म्हणून दाखवा, लिहा, नंतर सही घ्या. फोनची वेळ केसपेपरवर टाका. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन लावा आणि तीही वेळ लिहा.