फुफ्फुसाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू होताना काय काय तयार ठेवायचं (ब्लॉक, ब्लॉक आणि ब्लॉक)

रिपोर्टवर ॲडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) लिहून आलंय, घरात कुणाला काही सुचत नाहीये आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं उद्याच्या उद्या मुंबईला टाटाला दाखवून या. जा, जरूर जा, पण बायोप्सीचा ब्लॉक (तपासायला काढलेला, मेणात बसवलेला तुकडा) हातात आल्याशिवाय पुणं सोडू नका. मी नुसती फाइल घेऊन गेले होते, म्हणून लिहितेय.

आधार कार्ड, रिपोर्ट, झेरॉक्स हे सगळेच नेतात, ते सोडा. सीटी आणि पेट सीटीच्या फक्त फिल्म नकोत, सीडी घ्या आणि घरी एकदा कंप्युटरवर उघडून बघा. जुने एक्स-रे माळ्यावर पडले असतील तर तेही काढा, कारण आपल्याकडे छातीत डाग दिसला की बऱ्याच जणांना आधी टीबीची औषधं सुरू होतात, आणि तो डाग कधीपासूनचा, किती वाढलाय हे जुन्या एक्स-रेशी ताडूनच कळतं. टीबीची औषधं घेतली असतील तर ती चिठ्ठीपण लावा.

आता ब्लॉक. सुईने काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो ब्लॉक, आणि त्याचे पातळ काप काचेवर घेतात त्या स्लाइड्स. रिपोर्ट म्हणजे ते बघून एका डॉक्टरने दिलेलं मत, दुसऱ्या हॉस्पिटलला तेवढं पुरत नाही, त्यांना तुकडा स्वतः बघायचा असतो. शिवाय ईजीएफआर, एएलके, रॉस-१, पीडी-एल१ या कॅन्सरच्या पेशींमधले बदल शोधणाऱ्या टेस्ट याच तुकड्यावर होतात आणि आजार पसरलेला असेल तर केमो द्यायची, इम्युनोथेरपी (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) द्यायची की रोजची गोळी हे त्यावरून ठरतं. आणि तुकडा असतो केवढा, शेवईच्या काडीएवढा! तो टेस्टला पुरला नाही किंवा कुठे हरवला तर परत सुई, आणि फुफ्फुसात सुई घालताना छातीत हवा भरायचा धोका असतो. म्हणून ब्लॉक. माझा ब्लॉक पुण्यात आणि मी परळला टाटात, मग परत पुणं, मध्ये शनिवार-रविवार, परत मुंबई, आणि तेवढे दिवस घरातल्या कुणाला धड झोप नाही.

मिळवायचा असा: बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबमध्ये लेखी अर्ज द्यायचा, पेशंटची सही लागते, मुलगा किंवा भाऊ आणायला जाणार असेल तर त्याच्या नावाचं पत्र आणि त्याचं ओळखपत्र. लगेच देतील असं धरून चालू नका, आधी फोन करा. हातात आला की त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच उभं राहून जुळवा. ब्लॉक आधीच दुसऱ्या लॅबला टेस्टसाठी गेला असेल तर कुठे गेलाय ते लिहून घ्या. मेण आहे, एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि जिथे जमा कराल तिथून पावती घ्या, पुढेही लागतो. स्लाइड्स दिल्या म्हणजे झालं असं नाही, ब्लॉकपण मागायचा.

पैशांचं बघायचं ते ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, पण मंजुरी आधी लागते, रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळावी लागतात, स्पेलिंग चुकलेलं असेल तर आजच कामाला लागा. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (या योजनेचं काम बघणारा माणूस) भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात, तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

ऑपरेशन ठरलं असेल तर तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर (श्वास ओढून आतले छोटे चेंडू वर उचलायचं साधन) आधीच आणा आणि आधीपासून ओढायला लागा, ऑपरेशननंतर टाके दुखत असताना पहिल्यांदा शिकायचं म्हणजे फार अवघड जातं. विडी-सिगरेट आजपासून बंद. खोकताना छातीशी धरायला छोटी उशी. पुढून बटणं असलेले कपडे, कारण हात वर जात नाही. आणि हो, काढलेल्या भागाचाही ब्लॉक असतो, तोही कुठे आहे ते लिहून ठेवा.

केमो. पेमेट्रेक्सेड हे औषध असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२ चं इंजेक्शन साधारण आठवडाभर आधी सुरू व्हायला लागतं, सांगितलं नसेल तर विचारा. सोबत स्टेरॉइड देतात, डायबेटिस असेल तर शुगर वाढते. घरात चालू असलेला थर्मामीटर पाहिजे, ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी फोन करायचा, पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना इन्फेक्शन फार भरकन वाढतं. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते पहिल्याच दिवशी विचारून फ्रिजवर लावा. कुणी दिलेला काढा, भस्म, काहीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. केमोऐवजी कॅन्सरची रोजची गोळी चालू झाली असेल तर ॲसिडिटीची गोळीसुद्धा विचारून, एर्लोटिनिबसारख्या औषधांचा असर तिने कमी होतो.

भेटायला येणाऱ्यांना कुणीतरी दारातच थांबवायला हवं. सर्दी असेल तर नकोच. आणि "सिगरेट ओढायच्या का?" हा प्रश्न पेशंटला कुणी विचारू नये, मी आयुष्यात कधी ओढली नाही आणि मला झालाच, आणि जे ओढत होते त्यांनाही आत्ता हे ऐकायची गरज नाही.

रेडिएशनला सोमवार ते शुक्रवार रोज जायचं असतं, सिंहगड रोडवरून वगैरे येणार असाल तर गर्दीची वेळ टाळून स्लॉट मागा. दोन-तीन आठवड्यांनी गिळताना दुखायला लागतं, मऊ भात, पेज, गार ताक, तिखट बंद. रेडिएशनसाठी अंगावर केलेलं मार्किंग पुसू नका.

नंतरचं थोडक्यात. रोज थोडं चाला, पर्वती चढायची घाई नको. शेकोटी, फटाके, कचऱ्याचा धूर यापासून लांब. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची ते विचारा. फॉलोअपच्या सीटीला मागची सीडी बरोबर. रेडिएशन संपल्यावर काही महिन्यांनीही कोरडा खोकला आणि दम लागायला लागला तर हवा बदलली असेल म्हणून सोडून देऊ नका, फुफ्फुसाला सूज असू शकते आणि तिच्यावर औषध आहे, त्याच आठवड्यात दाखवा.