मदरबोर्ड बदलण्याआधी लायसन्सचं बघा

मृगाच्या विजा सुरू झाल्या की दर्यापूर-अंजनगावच्या खेड्यांतून माझ्याकडे कॉम्प्युटरचे जळालेले मदरबोर्ड, म्हणजे आतले मुख्य सर्किट बोर्ड, यायला लागतात. बोर्ड तासाभरात बदलून होतो, गाडी अडते ती त्यानंतर. विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणते. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडतं, पण एज्युकेशनल (शिकण्यापुरत्या) मोडमध्ये, म्हणजे महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतं. कृषी केंद्रासमोर बियाण्याची रांग आणि आत आजच्या तारखेचं बिल निघत नाही!

असं का होतं? विंडोजचं डिजिटल लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी, बांधलेलं असतं. रॅम वाढवली किंवा हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तर सहसा काही बिघडत नाही. बोर्ड बदलला की मात्र विंडोजला ते नवंच मशीन वाटतं.

म्हणून मशीन चालू आहे तोवर, आजच, दोन कामं करा. वीज सांगून पडत नाही.

पहिलं काम विंडोजचं. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडा. विंडोज ११ मध्ये ते ‘सिस्टम’खाली आहे, विंडोज १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली. तिथे लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी ‘लिंक्ड’ दिसलं पाहिजे. नसेल तर तिथूनच खातं जोडा. लायसन्स रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) आहे की ओईएम, हेही विचारून ठेवा. रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं. मशीनसोबत आलेलं ओईएम त्या मशीनचंच असतं, आपण स्वतः बोर्ड बदलला तर बहुधा नवं घ्यावं लागतं. हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं टॅलीचं. बोर्ड ठरवून बदलत असाल तर कॅबिनेट उघडण्याआधी लायसन्सच्या सेटिंगमधून ते ‘सरेंडर’ करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या, नंतर सिरियल नंबर आणि खात्याचा ईमेल टाकून पुन्हा सुरू करा. अनलॉक की त्याच ईमेलवर येते. आणि खरी मेख इथेच आहे. मागच्या खरिपात एका केंद्रचालक दादांचा बोर्ड बदलला, अनलॉक की मागवली, तर ती गेली विकणाऱ्याच्या ईमेलवर! त्याने खातं स्वतःच्याच नावाने काढलं होतं आणि तो फोन उचलेना. दोन दिवस दादांनी हाताने पावत्या फाडल्या. पैसे तुम्ही भरलेत, तर ईमेलही तुमचाच हवा. आज तपासा.

आता बोर्ड बदलून झाला असेल तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डावरचा छोटा सेल उतरलेला असला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि माणूस उगाच लायसन्सला दोष देत बसतो. तारीख दुरुस्त करा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा.

मग ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये ‘ट्रबलशूट’ दाबा. ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली’ निवडा, खात्याने साइन इन करा, यादीतून आपलं मशीन निवडा आणि ‘ॲक्टिव्हेट’ करा. आवृत्ती तीच हवी: होमचं लायसन्स असताना प्रो टाकली तर चालणार नाही.

एवढ्यावर नाही झालं तरी घाबरू नका. विंडोज बंद पडत नाही. कोपऱ्यात पुसट अक्षरं येतात, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, बाकी काम चालतं. पण या घाईत कोणी पेनड्राइव्हवरून क्रॅक (लायसन्स चुकवणारा चोरटा प्रोग्राम) टाकून देतो म्हणाला तर टाकू देऊ नका. सेतू केंद्राच्या मशीनवर गावाचे आधार क्रमांक आणि सातबारे असतात, आणि क्रॅकसोबत काय आत शिरतं ते दिसत नाही.

मी हल्ली प्रत्येक कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिठ्ठी चिकटवतो: टॅलीचा सिरियल नंबर, दोन्ही खात्यांचे ईमेल, बोर्ड बदलल्याची तारीख. पासवर्ड तेवढा तिथे लिहू नका, तो घरच्या वहीत ठेवा.