ॲल्युमिनावर पॅलेडियमचे नॅनोकण बसवताना

पॅलेडियम हा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवण्यासाठी वापरतात. त्याचे जे अणू कणाच्या पोटात राहतात, त्यांचा अभिक्रियेला थेट उपयोग होत नाही. काम करतात ते पृष्ठभागावरचे. कणाचा व्यास 2 नॅनोमीटरच्या आसपास असेल तर जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावर असतात, तोच 20 नॅनोमीटर झाला की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येते. म्हणून हा धातू गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक प्रकार) यासारख्या सच्छिद्र आधारावर बारीक विखरून बसवतात. त्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे रंध्रे भरतील इतकेच पॅलेडियमच्या क्षाराचे द्रावण आधारात जिरवणे, आणि या रीतीत सगळा हिशेब पाण्याचा आहे.

मुंबईत हा हिशेब पहिल्याच पायरीला चुकू शकतो. गॅमा ॲल्युमिना हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या 10 ग्रॅम भुकटीत अर्धा ग्रॅम पाणी आधीच असेल, तर आधाराचे वजनही चुकते आणि तेवढी रंध्रेही अगोदरच भरलेली असतात. यासाठी ॲल्युमिना 120 अंश सेल्सिअसला रात्रभर ओव्हनमध्ये ठेवावी, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करावी आणि बाहेर काढताच तोलावी. मग त्यातल्या 1 ग्रॅमवर ब्युरेटमधून थेंबथेंब पाणी सोडत काचकांडीने ढवळत राहावे. सुरुवातीला भुकटी कोरडीच वाटते. पुढे तिच्या गुठळ्या होऊन कांडीने दाबताच फुटतात. आणि एका थेंबानंतर ती एकदम कांडीला चिकटते व वर ओलसर चकाकी दिसते. त्या थेंबाच्या आधीचे माप धरावे. समजा ते 0.6 मिलिलिटर भरले, तर 10 ग्रॅमसाठी 6 मिलिलिटर द्रावण लागेल.

उत्प्रेरकात 1 टक्का पॅलेडियम हवे असल्यास 10 ग्रॅम ॲल्युमिनाला 0.101 ग्रॅम धातू, म्हणजे 0.168 ग्रॅम पॅलेडियम क्लोराइड घ्यावे. ते नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून विरघळवावे आणि एकूण आकारमान 6 मिलिलिटर करावे. आम्लात पॅलेडियम ऋणभारित आयनाच्या रूपात असते, तर ॲल्युमिनाचा पृष्ठभाग साधारण 8 पीएचच्या खाली धनभारित असतो, त्यामुळे दोघांची ओढ आपोआप जुळते. सिलिकाचे तसे नाही. तिचा पृष्ठभाग बहुतेक पीएचला ऋणभारित असल्याने तिच्यासाठी पॅलेडियमचे धनभारित अमोनिया-संयुग निवडावे लागते.

द्रावण थोडेथोडे घालत सारखे मिसळावे. वाळवण्याची घाई मात्र मुळीच करू नये, कारण झपाट्याने उडणारे पाणी क्षाराला आतल्या रंध्रांतून बाहेरच्या कडेकडे ओढत आणते आणि धातूचा मोठा भाग दाण्याच्या सालीवरच साचतो. आधी काही तास खोलीच्या तापमानाला आणि मग रात्रभर 110 अंशांना ठेवावे. दमट हवेत पहिला टप्पा लांबतो, पण तो तोडू नये.

यानंतर नळीच्या भट्टीत हवेच्या प्रवाहात मिनिटाला 2 अंश या गतीने 400 अंशांपर्यंत भाजावे. नायट्रोजनने नळी पूर्ण धुऊन काढल्यावर 5 टक्के हायड्रोजन असलेल्या नायट्रोजनमध्ये 250 अंशांना दोन तास क्षपण करावे, म्हणजे पॅलेडियमच्या संयुगातून शुद्ध धातू मोकळा करावा; तपकिरी भुकटी काळपट-करडी होते. निघणारा वायू धूर-कपाटाबाहेर सोडू नये. धातूचे अणू मोकळेपणाने सरकू लागतात ते साधारण द्रवणांकाच्या निम्म्या केल्विन तापमानाला, पॅलेडियमसाठी सुमारे 640 अंश सेल्सिअसला. नॅनोकण त्याच्याही आधी एकमेकांत मिसळू लागतात, म्हणून भट्टी गरजेपेक्षा वर नेऊ नये.

थंड करताना हायड्रोजन बंद करून नायट्रोजनच चालू ठेवावा, कारण थंड पॅलेडियम हायड्रोजन पोटात घेते आणि असे कण हवेत मिथेनॉलच्या वाफेजवळ आले की पेट घेऊ शकतात. नंतर 1 टक्का ऑक्सिजनमिश्रित नायट्रोजन सोडून मगच हवा लागू द्यावी. उरलेले क्लोराइड उत्प्रेरकाला मारक ठरते. ते ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे आणि धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येईनासा झाला की थांबावे.

क्ष-किरण आलेखात पॅलेडियमची शिखरे दिसली नाहीत तर निराश होऊ नये. 3 नॅनोमीटरहून लहान कणांची शिखरे इतकी पसरट होतात की ती दिसतच नाहीत. कार्बन मोनॉक्साइडच्या शोषणावरून किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार पडताळावा. खरी परीक्षा अभिक्रियेत होते: ती अर्ध्यावर असताना मिश्रण गरमच गाळावे आणि गाळून निघालेला स्वच्छ द्रव त्याच तापमानाला तसाच चालू ठेवावा. तोही पुढे अभिक्रिया करू लागला, तर धातू आधार सोडून द्रावणात उतरला आहे. गाळणीवर राहिलेला उत्प्रेरक कोरडा पडू देऊ नये. गाळणकागदासह पाण्यात बुडवून, नाव लिहिलेल्या बरणीत धातूच्या पुनर्प्राप्तीसाठी ठेवावा.