सशाचं खाणं बदलताना लेंड्यांवर नजर ठेवा

जुने पेलेट, म्हणजे सशाचं तयार दाणेदार खाद्य, संपले म्हणून दुसऱ्या दिवशी थेट नवे वाटीत ओतू नका. सशाच्या पोटात अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तिथले जिवाणू चारा आंबवून पचवतात. खाणं एकाएकी बदललं की त्यांचं तंत्र बिघडतं, पोटात गॅस धरतो, जुलाब लागतात. आणि सशाला उलटी करताच येत नाही.

म्हणून जुनं पाकीट संपायच्या दोन आठवडे आधीच नवं आणून ठेवा. पहिले ३-४ दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग नवं. एकूण माप मात्र वाढवू नका. सुकं गवत दिवसभर समोर हवंच. लसूणघास हा चारा सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त; पूर्ण वाढ झालेल्या सशाला तो रोज नको. या दिवसांत नवी पालेभाजीही सुरू करू नका.

रोज सकाळी ट्रे बघा. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी असते. बोटांत चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. लेंड्या बारीक किंवा मऊ झाल्या तर एक पायरी मागे या आणि तिथेच काही दिवस थांबा.

नवं आवडत नाही म्हणून ससा उपाशी राहिला, तर 'भूक लागली की खाईल' असं म्हणत बसू नका. १०-१२ तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील, तर रात्र असली तरी पशुवैद्य गाठा.