अद्भुतरम्य कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

हस्तलिखित उघडलं की पहिल्या पानावर नकाशा असतो. पर्वतरांगा, सात राज्यं, एक शापित अरण्य. दुसऱ्या पानावर वंशावळ. आणि पन्नासाव्या पानाच्या आसपास कादंबरी अडते. लेखक सांगतो, ‘सध्या ब्लॉक आलाय.’ पुण्यात फँटसी लिहिणाऱ्या तरुण मंडळींची बाडं वाचून माझं एक मत पक्कं झालंय. कल्पनाशक्ती कोणाचीच कमी पडत नाही, व्यवहार कमी पडतो. त्या सात राज्यांत सकाळी उठून पाणी कोण भरतं, हे खुद्द लेखकाला ठाऊक नसतं.

नकाशा आहे, पाणी नाही

निळी रेघ ओढली म्हणजे शहराची तहान भागत नाही. आपलं पुणंच बघा. मुठा शेजारून वाहत होती, तरी अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारी धारी, ठेवले, पेठांमध्ये हौद बांधले. आता कादंबरीकाराच्या डोक्यात प्रश्न यायला हवेत. या नळाची वाट कोणाकोणाला माहीत आहे? वेढा पडला तर शत्रू आधी कुठे जाईल? गाळ काढायला आत कोण उतरतं, आणि त्याला मोबदला कोण देतं? हौदात कोणाची घागर बुडते, आणि कोणाला लांब उभं करतात? शेवटचा प्रश्न तर अजिबात काल्पनिक नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच शहरात. एका हौदात अख्खी कादंबरी आहे, आणि आपण ड्रॅगनची शेपटी किती हात लांब ते मोजत बसतो.

कादंबरी इथे अडली असेल तर नकाशा कपाटात ठेवा आणि तुमच्या काल्पनिक शहरातल्या एका गल्लीचा एक दिवस लिहून काढा. राजा नको, युद्ध नको. पाणी, सरपण, भांडण, उधारी. हे लिखाण कादंबरीत जाईलच असं नाही, पण पुढच्या प्रकरणातलं पात्र दार उघडून कुठे जाणार, हे त्यातूनच कळतं.

इतिहासाचंही तसंच. हजार वर्षांची कालगणना कोणी वाचत नाही. लोक काळ मोजतात तो एखाद्या आघातावरून. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, आणि जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असे दोन काळ झाले. तुमच्या नगरीला असा एक पूर द्या. कोणाचं घर गेलं, कोण नदीपासून लांब राहायला गेलं, कोणाचे कागद वाहून गेले ते ठरवा. बाकीची नऊशे नव्व्याण्णव वर्षं आपोआप गप्प बसतात.

जादू फुकट वाटली जाते

लक्षण सोपं आहे: नायक संकटात सापडतो, डोळे मिटतो, तळहातातून प्रकाश निघतो, संकट टळतं. वाचक जांभई देतो. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाने २००७ मध्ये यावर एक नियम मांडला, तो फँटसीवाल्यांना तोंडपाठ असतो. वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात तिच्या जोरावर पेच सोडवलेला त्याला पटतो.

नियम चोख आहे. पण आपल्या आज्ज्या श्रावणात ज्या कहाण्या वाचत आल्या, त्यांच्यात वेगळं काय आहे? आटपाट नगर असतं. दारिद्र्य असतं. कोणीतरी वसा सांगतं, आणि त्याबरोबर अटी येतात. कोणत्या वारी, काय करायचं, किती काळ. ‘उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका.’ दिवस पालटले की बाई उतते, वसा टाकते, होतं नव्हतं ते जातं. मग चूक उमगते, वसा पुन्हा घेतला जातो. चमत्काराला किंमत आहे, मुदत आहे, आणि अर्ध्यावर सोडल्याची शिक्षाही आहे. परदेशी जादूच्या शाळांचे अभ्यासक्रम पाठ करणाऱ्यांनी या कहाण्या एकदा कारागिराच्या नजरेने वाचाव्यात. भक्तिभाव असेल तर उत्तमच, नसला तरी अडत नाही.

तुमच्या प्रत्येक मंत्रासाठी तीन ओळी लिहा: तो कोणाला जमत नाही, म्हणताना काय खर्च होतं, आणि मध्येच थांबलं तर काय होतं. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो मंत्र काढून टाका.

सगळेच ‘हे राजन्’ म्हणतात

पहारेकरी, स्वयंपाकीण आणि सम्राट एकाच संस्कृतप्रचुर भाषेत बोलतात. मोठ्याने वाचा, लगेच कळेल. नावांचंही तेच: प्रत्येक गाव ‘-पुरम्’ किंवा ‘-गढ’. ज्या शहराने आपल्या देवांना पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा, डुल्या मारुती आणि खुन्या मुरलीधर अशी नावं दिली, तिथल्या लेखकाला नावं सुचू नयेत?

भुतं आयात केलेली, नाहीतर भुतांची यादी

एल्फ आणि ऑर्क या परदेशी फँटसीतल्या प्राण्यांना कंटाळून काही जण एकदम दुसऱ्या टोकाला जातात. पहिल्याच प्रकरणात मुंजा, हडळ, खवीस, समंध, झोटिंग, गिऱ्हा, सगळे हजेरी लावून जातात. एक घ्या आणि त्याला पुरेसा वेळ द्या. चकवाच घ्या. तो मारत नाही, खात नाही, फक्त ओळखीच्या वाटेवर तुम्हाला गोल गोल फिरवतो. टेकडीवरचा वेताळ भुतांचा राजा आहे आणि लोकांचा देवही, म्हणून त्याला निव्वळ खलनायक करू नका. दुर्गा भागवत आणि रा. चिं. ढेरे यांचं लोकसाहित्यावरचं लेखन वाचलंत तर असे दुहेरी चेहरे जागोजागी भेटतील. मात्र वाचनालाही मुदत घाला. वर्षभर ग्रंथालयात टिपणं काढणारे मी पाहिलेत, टिपणांना अनुक्रमणिका झाली, कादंबरी नाही झाली.

मूड लागायची वाट बघणं

ब्रिटिश फँटसी लेखक टेरी प्रॅचेट हे तिथल्या वीजमंडळात प्रसिद्धी अधिकारी होते, आणि नोकरी सांभाळून रोज ४०० शब्द लिहायचे. ४०० शब्द म्हणजे वहीची दोनेक पानं. वर्षाचे होतात १,४६,०००, म्हणजे जाडजूड कादंबरी. यावर अधिक काही बोलायला नको.

पहिल्याच खेपेला पाच खंड

गुणाढ्य या कवीची गोष्ट ‘कथासरित्सागर’ या जुन्या संस्कृत कथासंग्रहात आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाने त्याची ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेतली सात लाख श्लोकांची कथा नाकारली. तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. राजा धावत येईपर्यंत सहा लाख जळाले होते. उरलेल्या एका लाखात नरवाहनदत्ताची कथा होती, आणि ती पूर्ण होती.

तुमचा पहिला खंड या कसोटीवर ठेवा. बाकीचे चार कधीच आले नाहीत तर तो एकटा उभा राहतो का? राहत नसेल तर शेवटची तीन प्रकरणं पुन्हा लिहायला घ्या. दरम्यान त्याच जगातली एक छोटी, स्वतंत्र कथा दिवाळी अंकाला पाठवून बघा. अनोळखी वाचकाला तुमचं जग नकाशाशिवाय कळतं की नाही, ते तिथे समजेल. फक्त पावसाळा सुरू होण्याआधी पाठवा. गणपती बसले की संपादक फोन उचलत नाहीत.